सव्वीस अंश

रबाळ्याच्या गाळ्यात भट्टीचं पोट उघडं पडलंय.
तांडेल कमरेपर्यंत आत वाकलेला,
बाहेर फक्त त्याच्या चपला आणि शिव्या.
सात वर्षांच्या काँथलच्या तारा
दातात अडकलेलं काढावं तशा तो खोबणीतून उचकटतो
आणि त्या हातातच मोडतात, कच्च्या शेवयांसारख्या.
"मॅडम, ही चालत होती कशी?"
मी म्हणते, सवयीने.

महावितरणला चार खेपा.
वाढीव भाराचा अर्ज, गाळेमालकाची ना-हरकत,
त्याच्या मेव्हण्याची हरकत.
मग एकदाची थ्री-फेज आली,
आणि पुण्याहून थर्माकोलात गुंडाळलेला नवा कंट्रोलर,
लाल आकड्यांचा, बत्तीस पायऱ्या पाठ असणारा.

नव्या तारांवर पहिली, रिकामी आच दिली
तेव्हा जुनी कांडी फेकण्याआधी
तांडेलने सहज नवीच्या शेजारी खुपसली.
एकच भट्टी, एकच आग.
नवी म्हणाली, बाराशे सेहेचाळीस.
जुनी म्हणाली, बाराशे वीस,
शांतपणे, रोज म्हणत आली तशी.

"थर्मोकपल म्हातारं झालं की कमीच सांगतं,"
तांडेल म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला.

पण माझी वही!
निळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर मातीची बोटं,
आणि प्रत्येक पानावर १२२०, खाली दोन रेघा.
माझा तो हिरवा,
ओहोटीला ऐरोलीच्या खाडीत कांदळवनाच्या मुळांशी असतो तसा,
ज्याच्यासाठी वाशीच्या डॉक्टरीणबाई सहा-सहा कप नेतात,
तो बाराशे वीसवर कधी उमललाच नव्हता.

शंकू सांगत होते की.
दर वेळी शिडीवर तिघे उभे करायचे,
सकाळी बघावं तर सहा नंबरचा पार लोळण घेतलेला.
मी म्हणायचे, पेटी दमट असेल.
दुकान बदललं.
मग शंकू लावणंच सोडलं,
तेवढेच पैसे वाचतात.

परवा पहिली भरलेली भट्टी लावली. वहीप्रमाणे, बाराशे वीस.
आकडा बरोबर, चढ बरोबर, थांबा बरोबर.
सकाळी झाकण उचललं:
चाळीस कप, सगळे सरकारी कचेरीच्या भिंतीच्या रंगाचे,
अंगावर न वितळलेली साय.
सुगंधाने एक उचलला, दारातल्या उजेडात धरला.
ती सहसा काही बोलत नाही. आताही नाही.
कप तिने उपडा ठेवला.

म्हणजे आता पानापानावर सव्वीस मिळवायचे.
पण सव्वीस आजचे.
गेल्या दिवाळीत किती होते? त्याच्या आदल्या?
कांडी कोणत्या रात्री किती म्हातारी झाली
याची नोंद मी ठेवली नाही, तिनेही नाही.
मागची पानं उलटत जाते
तशी चूक लहान होत जाते,
वीस, बारा, पाच असेल, दोन असेल,
अगदी पहिल्या पानावर मी जवळजवळ खरी आहे
आणि पहिल्या पानावरचे कप
मला अजून आठवतात. आईनेसुद्धा वापरले नाहीत.

तांडेल उरलेले पैसे न्यायला आला,
जुनी कांडी भंगाराच्या पिशवीत टाकू लागला.
ती राहू दे, म्हटलं.
"कशाला?"
मलाही सांगता आलं नाही.
ब्रशांच्या बरणीत उभी आहे.

रात्रीचे साडेनऊ. शेजारचा लेथ बंद झालाय.
आकडा अकराशे नव्वद, चढतोय.
काळा चष्मा लावून मी भोकाचं बूच काढते:
आत सगळं इतकं उजळ की कपांना कडा नाहीत,
आणि त्यात, पुन्हा विकत आणलेला, एक शंकू
अजून ताठ.

सुगंधाने डबा पिशवीत भरला, दारापर्यंत गेली.
"थांबू का?"
थांब, म्हटलं.
तिने माझ्या हातातून चष्मा घेतला.