रेषेमागची पैज

एल्को, नेवाडा. फेब्रुवारी. पहाटेचे तीन.
बाहेर हायवेवर बर्फ खरवडणारी गाडी,
आत हिरव्या बनातीभोवती तीन माणसं, दोन फासे
आणि माइते लॅक्साग.
तिच्या हातात वाकड्या टोकाची वेताची काठी.
बापाच्या हातात असायची, साधारण तशीच.

बाप रूबी पर्वतात मेंढरं राखायचा.
शंभर पांढऱ्यांमागे एक काळं सोडायचा कळपात.
संध्याकाळी फक्त काळी मोजायची:
बावीस भरली की झोपायचं,
एकवीस भरली तर कंदील घ्यायचा.

दोन फासे, छत्तीस तऱ्हा.
छत्तीसचा आकडा नुसता लिहून बघा,
तीन आणि सहा कसे पाठ फिरवून बसतात.
त्यातल्या सहा तऱ्हा एकट्या साताच्या:
एक-सहा, सहा-एक, दोन-पाच...
पुढच्या तुम्ही मोजा, हाताची बोटं पुरतात.
चाराच्या मात्र तीनच. एक-तीन, तीन-एक,
आणि दोन-दोन, जी उलटी केली तरी तीच.

ऑडेल ट्रस्कॉट सोन्याच्या खाणीत ट्रक चालवतो,
चाक माणसाच्या दुप्पट उंच असलेला.
त्याला आता चार हवेत. आधी सात पडले, तर संपलं.
नऊ वेळा फेकून झालं. ना चार, ना सात.
"आता यायलाच हवा," तो म्हणतो, "येणं बाकी आहे."
बाकी कुणाकडे?
फाशांना वही नाही, उधारी नाही,
मागचं दान त्यांच्या अंगाला लागत नाही.
माइते हे कुणाला सांगत नाही. फासे पुढे ढकलते.

एकदा सुट्टीच्या वीस मिनिटांत
तिनं कागदी रुमालावर हिशेब मांडला होता.
चारशे पंच्याण्णव डाव, सरासरीनं:
दोनशे चव्वेचाळीस तुमचे, दोनशे एक्कावन्न घराचे.
वजाबाकी केली आणि पेन खाली ठेवलं.
सात.
तिथंही तोच बसलेला.

शेकडा दीड मेंढरूसुद्धा नाही.
बापाला सांगितलं, तर तो बराच वेळ चीज कापत राहिला.
मग म्हणाला, "कोयोट याहून जास्त नेतो.
पण कोयोट दर रात्री येत नाही."

तरी या इमारतीत एक पैज सरळ आहे.
चाराला तीन वाटा, साताला सहा,
म्हणून जिंकलात तर एकाला दोन. चोख. मध्ये कुणी पै खात नाही.
तिच्यासाठी बनातीवर चौकट आखलेली नाही, अक्षर नाही.
रेषेच्या मागे, कोऱ्या हिरव्यावर ठेवायची,
ज्याला ठाऊक असेल त्यानं.

"मागे काही?" माइते विचारते. एवढं विचारता येतं.
ऑडेल वाकून बघतो. "इथं काही लिहिलेलं नाही."
"नाही."
"मग?"
"म्हणूनच."

तो चार लाल चिप्स ठेवतो, बोट न काढता,
मग काढतो. फेकतो.
पलीकडच्या भिंतीला आपटून एक फासा जागच्या जागी बसला, पाच.
दुसरा कोपऱ्यावर फिरत राहिला, उगाच, कितीतरी वेळ.
दोन.

काठी. "सेव्हन आऊट."
लाल चिप्स गेल्या, छापलेल्या पैजेच्या आणि न छापलेल्याही.
आपल्या भाषेत याला दान पडणं म्हणतात.
देणारा कोण, ते कधी सांगत नाहीत.

"ती सरळ होती ना?" ऑडेल कोट चढवता चढवता विचारतो.
"होती."
तो मान हलवतो, रागानं नाही,
पगाराची पावती वाचताना हलवावी तशी.
काचेतून दिसतो: पिकअपवरचा बर्फ
कुठल्याशा मुदत संपलेल्या कार्डानं खरवडताना.

आता हॉर्टेन्स बाईंची पाळी.
माइते पाच फासे त्यांच्यापुढे सरकवते, दोन निवडायचे.
बाई चष्मा पुसतात,
एक उचलतात, परत ठेवतात, शेजारचा घेतात,
जणू पाचांत काही फरक आहे.
माइते काठी टेकून उभी राहते.
घाई करत नाही.