कारण : बाष्पीभवन

खाडीपलीकडे बोरिवलीचे टॉवर.
रात्री त्यांच्या गच्चीवरचे तलाव निळे दिसतात.
अलीकडे गोराईत, पाड्याच्या टोकाला, आमची शाळा.
दोन खोल्या, वर पत्रा, मागे विहीर.
त्या विहिरीच्या पाण्यात चहा केला
तर दूध नासतं.

ग्रेगरी कोलासोनं पत्र्याच्या कडेनं पन्हळ बसवली.
"सुरुवातीचं पाणी सोडून द्यायचं, मास्तर.
त्यात कावळ्यांची शिट, चिंचेचा पाला
आणि मीठ. इथला वारा मीठ घेऊनच येतो."
नळीला खटका, खाली खडी, कोळसा, वाळू,
त्याखाली झाकणबंद
दहा हजार लिटर काळोख.

बुधी वरठा, इयत्ता चौथी,
दर शनिवारी बांबूची काठी टाकीत सोडायची,
ओल कुठवर आली ते बोटांनी मोजायची
आणि मोठ्यानं सांगायची. मी वहीत लिहायचो.
पोरांच्या बाटल्या, खिचडीचं पातेलं,
हिशेब जुळत होता.

फेब्रुवारीपासून जुळेना.
आठवड्याला अर्धं बोट जास्त.
"गळतंय कुठे?" ग्रेगरीनं भिंतीला कान लावला,
हात फिरवला. भिंत कोरडी.

एका रात्री मी शेवटची बोट मुद्दाम चुकवली,
वर्गात सतरंजीवर पडून राहिलो.
दोनच्या सुमारास झाकण सरकलं.
बुधीची आई, हातात लहान कळशी.
बाजूला बॅटरी धरून
बुधी.
घरात तीन महिन्यांचं पोर. आईला दूध नाही.
डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात
फाटते.

मी खोकलोसुद्धा नाही.

शनिवारी बुधीनं काठी काढली, बोटं मोजली,
नेहमीसारखी खणखणीत सांगितली,
अर्धं बोट जास्त गेलंय हेही.
तिनं काठी कधीच खोटी वाचली नव्हती.
वहीत 'कारण' हा रकाना होता.
मी लिहिलं : बाष्पीभवन.

मार्चमध्ये वॉर्डातून साहेब आले, वही चाळली.
"बंद टाकीत बाष्पीभवन?"
मी खडू शोधू लागलो.
ग्रेगरी शिडीवरूनच म्हणाला,
"होतं साहेब. खाडीकाठी होतं."
साहेबांनी टाकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं,
सही केली.

परीक्षा संपायच्या आधीच काठी कोरडी आली.
उरलेले दिवस बोटीतून कॅन आणले.
बुधी टेबलापाशी येऊन उभी राहिली.
"आठ दिवसांचं आम्ही घेतलं, सर.
मी मोजलंय."
"गुणाकार केलास की बेरीज?"
"आधी बेरीज. मग गुणाकार करून ताडून बघितलं."

मेमध्ये ग्रेगरीनं न सांगता
स्वयंपाकाच्या शेडलाही पन्हळ लावली,
तिच्याखाली एक जुनं पिंप.
पैसे विचारले, तर पान थुंकायला गेला.

जूनला नवी वही घातली. रकाने आखले :
बाटल्या. खिचडी. हात धुणे.
चौथा रकाना आखून पट्टी तशीच धरून बसलो,
मग त्यातही शाईनं लिहिलं :
बाष्पीभवन,
रोज एक कळशी.