पाठमोरा

गुरुवारी दुपारी दोन वाजता
लोन पाइनच्या वृद्धनिवासात पडदे ओढतात.
कॅसेट घातली की आधी दिसते धूळ,
मग घोडा, मग टोपी,
आणि डेल्बर्ट सुरू होतो : "कॉर्लिससारखा कोणी झाला नाही!"
सिरिल ओचोआ काठी आपटतो : "थॉर्नबी. दुसरं नाव काढू नकोस."

नऊ वर्षं हाच तंटा.

डेल्बर्टचं काही खोटं नाही.
वेड कॉर्लिसची टोपी साईसारखी,
दरीत गडगडला तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही,
गोळी झाडतो ती समोरच्याच्या पिस्तुलावर,
माणसाला ओरखडा नाही.
शेवटी मास्तरणीला टोपी काढून नमस्कार,
घोड्याला साखरेचा खडा.
आमच्या गावची पोरं रात्री दात घासायची
कारण कॉर्लिस घासतो म्हणे.

नॅश थॉर्नबी दाढीचे खुंट वाढवून,
अख्ख्या सिनेमात चाळीस वाक्यं बोलला तर खूप.
त्याची गोळी लागली की माणूस मरतो,
आणि तो त्या मेलेल्याकडे बघत राहतो
जरा जास्तच वेळ,
हिशेबात चूक सापडल्यासारखा.
मास्तरणी दारात उभी. हा थांबत नाही.
"जातानाची पाठ बघ," सिरिल म्हणतो,
"डावा खांदा कसा खचलाय!
जेवढे मारले तेवढ्यांचं ओझं त्या एका खांद्यावर.
तुझ्या कॉर्लिसच्या सात पिढ्यांना जमायचं नाही."
शहरातल्या पेपरातही तेव्हा असंच छापून आलं होतं.
कात्रण माझ्याकडे आहे, शिवणाच्या डब्यात.

मी विणत बसते.
चेहरे जवळून दाखवतात तेव्हा टाके मोजते.
चित्र दूर गेलं, घोडा चौखूर उधळला,
की मान वर करते.

कारण कॉर्लिसला घोड्याची भीती वाटायची,
आणि थॉर्नबीला घोड्याच्या केसांनी शिंका यायच्या.
दोघंही पिंपावर बसून लगाम ओढायचे,
मागून रंगवलेले डोंगर ओढत नेणारी दोन माणसं वेगळी.
खरे डोंगर आमच्या दारात होते.
त्यांच्यातून दौडायचा तो एमेट,
माझा एमेट लिंडक्विस्ट,
दिवसाला बावीस डॉलर, पडला तर वर दहा.

साईची टोपी त्याची. धुळीचा कोटही त्याचाच.

त्या ऑक्टोबरात कॉर्लिसच्या सिनेमात
धावत्या घोडागाडीच्या टपावरून उडी होती.
चांगली झाली. दिग्दर्शक म्हणाला,
मध्ये ढग आला, पुन्हा एकदा.
दुसऱ्यांदा ढग नव्हता.
इस्पितळ साठ मैलांवर, म्हणून खांदा बसवला
गुराढोरांच्या डॉक्टरनं. कसाबसा बसला.
तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही;
पुढची अठ्ठावीस वर्षं
शर्टाची डावी बाही मी चढवली.

वसंतात थॉर्नबीची मंडळी आली.
घरात पीठ संपत आलं होतं.
एमेट म्हणाला, बसता येतंय ना, मग झालं.
कोटाची बाही मीच ओढून दिली.
सूर्य खडकांमागे जायच्या आत
तो एका अंगाने खाली झुकून निघून गेला,
आणि सगळे गप्प झाले, कॅमेरावाला सुद्धा.
घरी येऊन म्हणाला, आज वर दहा मिळाले नाहीत,
पडलोच नाही ना.

हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.
सिरिलकडे त्या खांद्याशिवाय आता
फारसं काही उरलेलं नाही.

आज डेल्बर्ट म्हणाला, "व्हर्ना, तूच निवाडा कर.
दोघांत घोड्यावर चांगला कोण?"
मी सुई थांबवली.
म्हटलं, सांगते. आधी ती कॅसेट जरा मागे घ्या,
शेवटचं, तो जातो ते.

मुलीनं बटण दाबलं.
पडद्यावर रेघा पडल्या, धूळ जमिनीत परत शिरली,
आणि खडकांमधून तो,
पाठमोराच,
मोठा मोठा होत
माझ्याकडे आला.