धर्मकाटा

पुस्तक ग्रंथालयाचं, एकवीस दिवसांच्या बोलीवर.
धर्म, श्रद्धा आणि लोकशाहीवरची संकटं.
एवढं जड नाव असलं की
आमच्या गावात सहसा कुणी हात लावत नाही.
मी आणलं. नोव्हेंबरपासून झोप कमी झालीय.

मी एल्डोरा श्राग. कॅन्ससमधल्या या गावात,
दोनशे उंबऱ्यांच्या,
एकतीस वर्षं गव्हाच्या कोठारावर काट्याशी बसले.
भरलेला ट्रक चढायचा, रिकामा उतरायचा,
मधला फरक मी पावतीवर लिहायचे.
कुणी म्हटलं नाही की एल्डोरा काटा मारते.
दुष्काळाच्या सालीसुद्धा नाही.
डेल्बर्ट उनरूसुद्धा नाही, ज्याला
स्वतःच्या सावलीचंही वजन करून हवं असायचं.

म्हणूनच त्यांनी मला मतं मोजायला बसवलं.
चर्चचं तळघर, लांब टेबलं, कॉफीचं भांडं,
भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या पोरांची नोहाची नाव.
जिराफाची मान मावली नाही,
ती दुसऱ्या कागदावर जोडलेली.
चारशे सात मतं. दोनदा मोजली.
तिसऱ्यांदा मोजली, कारण डेल्बर्ट दारात उभा होता,
फोनचा डोळा माझ्या बोटांवर रोखून.

त्याचं मत असं, की मतं खोटी.
म्हणाला, देवाने मला आकडा सांगितलाय,
आणि तो हा नाही.

मी काय बोलणार?
माझ्याकडे नुसते कागद होते.

तेव्हापासून गुरुवारी गोधडीच्या मंडळात
माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.
लवीना उनरू पलीकडच्या कडेने टाके घालते.
माझ्यासाठी प्रार्थना करते म्हणे, नाव घेऊन.

रात्री वाचते.
आमचे पूर्वज या पुस्तकात चार ओळींत येऊन जातात:
पोत्यात घालून नदीत बुडवलेली माणसं,
कारण ती म्हणाली, बाप्तिस्मा पाळण्यात नसतो घ्यायचा,
वयात आल्यावर ज्याचा त्याने मागायचा.
बुडवणारेही प्रार्थना करूनच आले होते.
हे मला लहानपणापासून पाठ आहे.
पण पुस्तक पुढे विचारतं,
बुडालेल्यांच्या पतवंडांच्या हाती
पोत्याचं तोंड बांधायची सुतळी आली
तर त्यांना काय आठवतं?
इथे मी चष्मा काढला,
उठून भांडी घासली, परत येऊन बसले.

पान त्र्याऐंशी.
समासात पेन्सिलने कुणीतरी लिहिलंय: मत्तय, अध्याय सात.
त्या साताच्या कमरेला आडवी रेघ.
ही रेघ मी ओळखते.
एकतीस वर्षं ती माझ्या पावत्यांवर होती,
सहीच्या खाली, तारखेत.
शेवटचा शिक्का ऑक्टोबरचा.

खाली एक वाक्य दोनदा अधोरेखित:
खात्रीला श्रद्धेचे कपडे नेमके बसतात.
त्यापुढे काहीतरी लिहून खोडलेलं.
कागद दिव्यापाशी तिरपा धरला
तेव्हा दाब वाचता आला: मी नाही.

पानाचा कोपरा दुमडलेला.
तिथून पुढे पुस्तक कोरं, करकरीत,
एकही खूण नाही, बोटाचा डागही नाही.

किती वेळ बसले होते, कोण जाणे.
फ्रिज सुरू होऊन बंद झाला.
मला वाटलं होतं तो कधी वाचतच नसेल.
हे मी न मोजता ठरवलं होतं.

काट्याचा एक नियम होता.
ट्रक चढायच्या आधी
शेतकऱ्याला खिडकीशी बोलवायचं,
शून्य आलंय ना, ते दोघांनी मिळून बघायचं.
मग वजन.

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, ठाऊक आहे.
तरी चौऱ्याऐंशीव्या पानाच्या समासात
मी एक शून्य काढलं, लहानसं,
माझ्या पावतीवरच्यासारखं, वर किंचित उघडं.
ओळखायचं असेल तर ओळखेल.

सकाळी पुस्तक परत करायला निघाले.
उनरूंच्या फाटकाशी गाडी हळू केली.
स्वयंपाकघरात दिवा होता, कुणीतरी उभं होतं.
थांबले नाही.
दूध संपलं होतं, ते आणायचं होतं.