आडवी रेघ

चाकणला, गेट नंबर दोनवर,
पाटीवर दोन नावं होती आणि मधे एक आडवी रेघ.
नावं कुणाची ते सगळ्यांना माहीत.
रेघ आपली, बिराजदार म्हणायचा,
तिच्यावरच कामाला आहोत, तोल सांभाळा.

माझं काम दार लावायचं.
म्हणजे बसवायचं नाही. लावायचं, आणि ऐकायचं.
नाकाजिमासान डोळे मिटून शेजारी उभे राहायचे,
दांडेकर मॅडम त्यांच्या गप्प राहण्याचंही भाषांतर करायच्या:
टण् नको. ठक् नको.
निजलेल्या मुलाशेजारी कुणी उशी ठेवावी, तसं.
सहा महिन्यांनी मला ते ऐकू आलं.
त्या दिवशी कँटीनमध्ये मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

पहिल्या गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू,
चाकाखाली लिंबू.
नाकाजिमासानांनी ते फुटल्याचा आवाजही
नीट ऐकून घेतला.
तीन शिफ्टा. भोसरीत दोन खोल्या, बारा वर्षांचे हप्ते.

मग गाड्या यार्डात थांबायला लागल्या.
आधी पत्र्याच्या शेडपर्यंत, मग कुंपणापर्यंत,
वायपरच्या खाचेत गवत उगवेपर्यंत.
तिसरी शिफ्ट गेली. दुसरी गेली.
श्रीखंडाच्या जागी ताक आलं, आणि ताकही
दर सोमवारी थोडं पातळ होत गेलं.
इकडचे म्हणाले, तिकडच्यांनी त्यांचं जुनं इंजिन गळ्यात मारलं.
तिकडचे म्हणाले, इकडच्यांना फक्त आमचं नाव हवं होतं.
दोघेही खरंच बोलत असावेत.

शेवटच्या सभेत नाकाजिमासान चार मिनिटं बोलले.
मॅडम म्हणाल्या, "त्यांना वाईट वाटतंय."
"बाकीचं कुठाय?" बिराजदार मागून ओरडला.
मॅडमनी पाण्याची बाटली उघडली,
प्यायल्या नाहीत, परत बंद केली.

पाटी उतरवायला आलेल्या पोरानं
एक नाव काढलं, मग दुसरं.
रेघेचे स्क्रू गंजले होते, ती तशीच ठेवून गेला.
दिवाळीपर्यंत होती.

परवा नाशिक फाट्याच्या सिग्नलला आमची एक गाडी दिसली.
पिवळी नंबरप्लेट, मागचं डावं दार दुसऱ्याच रंगाचं.
प्रवासी उतरला, मोबाइलवर बोलत दार ढकललं.
टण्.

ते दार आमचं नव्हतं.
मी हेल्मेट काढून हँडलवर ठेवलं,
उजवीकडचं कुणी उघडतंय का बघत राहिलो.
मागून हॉर्न. सिग्नल सुटला होता.