वारुळाचा पत्ता

येऊरच्या चौकीवर वहीत नाव लिहावं लागतं.
नाव: टिपणीस. कारण: टिपणं.
पहारेकरी हसत नाही. त्यानं हा विनोद
आधीच्या रविवारीही वाचलेला आहे.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
बेअरिंगचे गोळे तपासले.
केसाएवढा ओरखडा दिसला की बाजूला.
डोळ्यांना लागलेली ती खोड
फंडाच्या चेकबरोबर घरी आली,
आणि आता श्रावण संपता संपता
मामा-भाच्याच्या डोंगराकडे तोंड करून
मी चालतो, दोष शोधत.

ऐनाच्या खोडाला मगरीची पाठ,
भेगाभेगांतून मुंग्यांची पाळी बदलते आहे.
कुड्याच्या पानात कुणी आतल्या आत
पोखरत नेलेली पांढरी नागमोडी वाट,
सुरुवातीला दोऱ्याएवढी, शेवटी रुंद,
म्हणजे खाणारा वाटेतच वाढला.
इथे ओरखडा हाच माल.

पडलेल्या पांगाऱ्यावर तपकिरी बशा,
एकीवर एक, पंगत उठून गेल्यासारख्या.
पुढे, जाळीचा झगा घातलेलं एकच भूछत्र,
इतकं देखणं की मी चष्मा पुसला.
जवळ गेलो तर मेलेल्या उंदराचा वास,
आणि माश्या मात्र
जवळच्या नात्यातल्या असाव्यात तशा.

वाटेवर आडवं जाळं. मधोमध कोळीण,
काळी, पिवळ्या रेघांची, तळहाताएवढी.
तिच्या खालून वाकून गेलो.
आमच्या घराण्यात एवढं कुणी
देवासमोरही वाकलेलं नाही.

मग चिखलात पंजा. बिबट्याचा,
नखं आत ओढलेली, कडा अजून ओल्या.
त्याच्या निम्म्यावर स्लिपरचा ठसा,
टाचेशी झिजलेला.
म्हणजे तो आधी गेला,
ती नंतर.

ती भेटलीच वळणावर.
जानकी वरठा, पाटोणपाड्याची,
डोक्यावर टोपली, टोपलीवर सागाचं पान,
पानाखाली पांढरी कड.
अळंबी का?
पाला हाये.
कुठे मिळाली?
रानात.
रानात कुठे?
असते तिथं, म्हणाली,
आणि माझ्या बुटांकडे बघत उतरून गेली.

मी शोधायचं नाही असं ठरवलं.
पण डोळे माझं कधी ऐकतात?
एका जागी गवत एकाच दिशेला निजलेलं,
एका फांदीला ताजी मुरड,
कुंभ्याच्या मागे, नाही,
कुंभ्याच्या मागे नाही. कुठेतरी.
वारूळ होतं आणि त्याच्याभोवती
जमीन आतून सुया टोचून उसवल्यासारखी:
छत्र्या, टोकाला अणकुची,
काही उघडलेल्या, काही मुठी मिटून.

गुडघे टेकून मोजायला लागलो.
चाळिसाला थांबलो.
मोजणी अर्ध्यावर सोडण्याची
ही आयुष्यातली पहिलीच खेप.
मधेमधे बुंधे, स्वच्छ खुडलेले.
तिनं उघडलेल्या तेवढ्याच नेल्या होत्या,
मुठी सगळ्या जागच्या जागी.

वही काढली. तारीख. वेळ. संख्या (अंदाजे).
जागेच्या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं: रानात.

उतारावर नेटवर्क आलं आणि खिसा थरथरला.
नात, शर्वाणी: आजोबा, काही भारी दिसलं तर
लोकेशन टाका, मी नकाशावर टिंब देते.
मी लिहिलं: आज फक्त डास.
वर एक हसरा चेहरा. खोटं बोलताना
माणूस चिन्हं जास्त वापरतो.

चौकीबाहेर जानकी बसलेली,
पुढ्यात फडक्यावर कंटोळ्यांचे वाटे.
टोपलीतलं पान कुठेच नव्हतं.
मी वाटा घ्यायला वाकलो,
आणि तिला माझ्या गुडघ्यांवरची
वारुळाची तांबडी माती दिसली.
तिनं मातीकडे पाहिलं, मग वहीकडे,
मग माझ्याकडे.
शेजारच्या बंगल्यात रात्रीच्या पार्टीसाठी कुणी
स्पीकर तपासत होतं. एक, दोन, एक, दोन.
वहीचं पान मी तिच्यासमोर धरलं.
वाचता येतं का, विचारलं नाही.
तिनं पिशवीत दोन कंटोळी जास्तीची टाकली.

घरी चिरताना एकात अळी निघाली.
जुन्या सवयीनं बाजूला ठेवली,
मग उचलून गॅलरीतल्या कुंडीत सोडली.
सकाळी पाहिलं तेव्हा
तिथे नव्हती.