माप-वही, सन तीस

पुठ्ठा साखर पेठेतल्या उंदरांनी खाल्ला,
आतली पानं शाबूत. अक्षर माझंच,
पेन्सिल जिभेला लावून लिहिलेलं.

जानेवारी. गड्ड्याच्या बाराबंद्या, सत्तावीस. रोख.
‘रोख’खाली दोन रेघा आहेत.
त्या का ओढल्या, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

शिमग्याच्या सुमारास नरसय्या येमूल
पोरीच्या लग्नाचं पोलकं टाकून गेला,
न्यायला आलाच नाही.
म्हणाला, व्यापारी लुगड्याची घडी मोडतात,
पदर चिमटीत धरतात, सुस्कारतात, उठतात.
ज्वारी इतकी स्वस्त कधीच नव्हती,
आणि ती घ्यायला कुणाच्या कनवटीला आणा नव्हता.
हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

एप्रिल. टोप्या. नग बारा. नग चाळीस.
नग... पुढे आकडा नाही, नुसती रेघ.
मांजरपाट संपला तेव्हा लच्छम्मा
नवऱ्याचं धोतर घेऊन आली, म्हणाली, सहा निघतील.
मी सात काढल्या.

मे.
शिंदीची झाडं पडली त्या दिवशी
वाऱ्याला ताडीचा आंबूस वास होता,
दुपारनंतर दारूगोळ्याचा.
मग काही दिवस चौकात शिपाईच दिसेना.
पोरं रस्ता उगाच दोनदा ओलांडायची.
गिरणीचा भोंगा वाजून वाजून दमला.

त्यानंतर लष्कर आलं.
डोक्यावर टोपी दिसली की तुरुंग.
उरलेल्या सगळ्या रातोरात उसवल्या,
त्यांच्या चंच्या शिवल्या पानतंबाखूच्या.
खप बरा झाला.
एक गोरा सोजीर अंगरखा घेऊन उभा राहिला,
छातीवरचं एक बटण तुटलेलं.
लावून दिलं. हात कापला असेल, टाका मात्र सरळ आहे.
वहीत लिहिलंय: बटण एक, खाकी. रोख.

वर्षात तो शब्द पुन्हा आला तो इतकाच.

दिवाळीला नवं कापड कुणी आणलं नाही.
कॉलर उलटून दे, म्हणायचे,
आतली बाजू अजून चांगली आहे.
पाळी बंद झालेल्यांनी विजारींचे गुडघे आणले,
मी ठिगळ लावलं आणि ‘पुढे बघू’ लिहिलं.
‘पुढे बघू’ची तीन पानं आहेत.

मग पुन्हा जानेवारी. वही तीच, सन मात्र बदललेलं.
संक्रांत दोन दिवसांवर.
नरसय्याचा धाकटा राजलिंगम सदऱ्यासाठी उभा होता,
छाती तीस, बाही साडेबावीस,
आणि कुणीतरी दारातूनच सांगितलं,
येरवड्याला, पहाटे, आपल्या गावचे चौघंही.
टेप त्याच्या गळ्याभोवती होती.
आकडा मी वाचला.
लिहिला नाही. ती जागा अजून कोरी आहे.

बाराबंद्या त्या साली अकराच.
दर वर्षी मी बंद बांधूनच घडी घालतो.
त्या साली सगळे मोकळे सोडले,
गिऱ्हाइकाला म्हणालो, घरी नेऊन बांधा.
या आठवड्यात
माझ्या हातून गाठ नको.